उभ्या गाडीत उतरणारी बॅटरी : पद्मिनीच्या दुरुस्तीच्या प्रकल्प नोंदी

१३ जानेवारी २०२४

गाडी १९९२ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. पेट्रोल, १०८९ सीसीचे इंजिन आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. पुण्यात ती रविवारी बाहेर निघते आणि उरलेला आठवडा सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हराखाली उभी असते. काही महिन्यांपासून असे होऊ लागले आहे की ती चार-पाच दिवस उभी राहिली की सेल्फ मारल्यावर एकच ‘कट्’ असा आवाज येतो, डॅशबोर्डवरचे दिवे मंदावतात आणि पुढे काही होत नाही. धक्का मारला की गाडी लगेच सुरू होते आणि दिवसभर कितीही वेळा बंद करून पुन्हा सुरू केली तरी कुरकुर करत नाही. म्हणजे दोष चालत्या गाडीत नसून उभ्या गाडीत आहे, असे दिसते; पण दिसते यावर विसंबून सुटे भाग बदलत बसण्याचा माझा विचार नाही, म्हणून या नोंदी.

पहिली शंका बॅटरीवर येते आणि ती आधी फेडून घेणे बरे. बॅटरी ४४ अँपिअर-अवरची (म्हणजे ढोबळमानाने एक अँपिअर करंट ४४ तास पुरवणारी), दीड वर्षापूर्वीची आहे. मागच्या शनिवारी ती चार्जरवर पूर्ण भरून, काही तास तशीच ठेवून व्होल्टेज पाहिले होते, ते १२.६८ व्होल्ट होते. त्यानंतर टर्मिनल काढून आठवडाभर गाडीतच राहू दिली आणि आज पुन्हा पाहिले तर १२.६३ व्होल्ट आहे. टर्मिनल जोडून सेल्फ मारला तेव्हा व्होल्टेज १०.४ पर्यंतच खाली आले आणि इंजिन पहिल्या फेऱ्यात सुरू झाले. स्वतःहून उतरणारी किंवा आतून खचलेली बॅटरी असे वागत नाही.

चार्जिंगही पाहिले. इंजिनची गती थोडी वाढवल्यावर बॅटरीवर १४.१ व्होल्ट आणि हेडलाइट लावल्यावर १३.८ व्होल्ट मिळतात. बॅटरी भरली जाते, धरून ठेवते आणि तरीही गाडीला जोडलेली असताना रिकामी होते, याचा अर्थ चावी काढल्यावरही कुठून तरी करंट वाहतो आहे.

१४ जानेवारी २०२४

आज सकाळी सिंहगड रस्त्याने फेरफटका मारून आल्यावर गाडी तासभर उभी ठेवली आणि मग मोजमापाला बसलो.

पद्धत जुनीच आहे. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलची केबल काढायची आणि बॅटरीचा खांब व ती केबल यांच्यामध्ये मल्टिमीटर (व्होल्टेज आणि करंट मोजणारा मीटर) लावायचा. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घालायची, कारण मिलिअँपिअरच्या भोकामागचा फ्यूज नाजूक असतो आणि दार उघडल्यावर छताचा दिवा लागला तरी तो उडू शकतो. मीटर जोडलेला असताना चावी फिरवायची नाही, कारण सेल्फ शंभराहून अधिक अँपिअर ओढतो. मी आणखी एक सोय केली आहे: दोन्ही टोकांना मगर-चिमटे असलेली जाड वायर खांब आणि केबल यांच्यात मीटरला समांतर लावून ठेवतो. त्यामुळे दारे उघडताना, फ्यूज काढताना गाडीचा पुरवठा तुटत नाही, आणि आकडा वाचायचा तेवढ्यापुरता तो चिमटा सोडला की सगळा करंट मीटरमधून जातो. वायरभोवती नुसता चिमटा लावून मोजणारा स्वस्त क्लॅम्प मीटर या कामाचा नाही. तो बहुधा फक्त एसी करंट मोजतो.

नव्या गाड्यांमध्ये चावी काढल्यावर कंट्रोल युनिटे झोपी जाईपर्यंत थांबावे लागते आणि मग ५० मिलिअँपिअरपर्यंतचा करंट चालवून घेतात. पद्मिनीत झोपायला कोणी नाही. एखादे घड्याळ किंवा स्टिरिओची मेमरी सोडली, तर उभ्या गाडीत आकडा शून्याजवळच हवा.

आकडा आला ०.४१ अँपिअर.

हा आकडा पाहून कोणालाही वाटेल की कुठे तरी एक बल्ब जळतो आहे, कारण १२ व्होल्टवर ५ वॉटचा बल्ब बरोबर इतकाच करंट घेतो. ब्रेक लाइट अडकला असता तर २१ वॉटच्या एकाच बल्बने पावणेदोन अँपिअर ओढले असते आणि बॅटरी एका रात्रीत बसली असती. आपली बॅटरी चार-पाच दिवस तग धरते, तेव्हा तो प्रश्न नाही. छताचा दिवा, नंबर प्लेटचा दिवा, पार्किंगचे दिवे, बॉनेटखाली पूर्वी कोणी लावलेला तपासणीचा दिवा, हे सगळे कव्हराखाली अंधार करून पाहिले आणि जे संशयास्पद वाटले ते बल्ब काढूनही पाहिले. एकही दिवा लागलेला नव्हता आणि मीटरचा आकडा ढिम्म हलला नाही.

मग फ्यूज. या गाडीत अजून दोन्ही टोकांना निमुळते होणारे, चिनीमातीचे जुने फ्यूज आहेत. आजकाल फ्यूज न काढता त्याच्या दोन टोकांमधले मिलिव्होल्ट मोजून करंट काढण्याची जी छान पद्धत आहे, ती येथे चालत नाही, कारण तिच्यासाठीचे तक्ते चपट्या ब्लेड फ्यूजचे आहेत, आणि इथल्या पितळी कानांवर चढलेल्या हिरव्या थराचा अडथळा फ्यूजच्या अडथळ्याहून मोठा असू शकतो. तेव्हा एकेक फ्यूज काढणे हाच मार्ग. एक सोडून बाकी सगळ्यांनी काहीच फरक पाडला नाही. त्या एका फ्यूजने आकडा ०.४१ वरून ०.२९ वर आणला.

त्या फ्यूजवर छताचा दिवा आहे आणि शिवाय स्टिरिओ. डॅशबोर्डखाली हात घालून स्टिरिओची जोडणी बाहेर ओढली, तेव्हा कारण समोर आले. स्टिरिओला दोन पॉझिटिव्ह वायर लागतात. पिवळी कायम पुरवठ्याची, जिच्यावर घड्याळ आणि स्टेशनांची मेमरी टिकते, आणि लाल, जी चावी फिरवल्यावरच जिवंत व्हायला हवी आणि सेटला ‘आता जागा हो’ असे सांगते. ज्याने सेट बसवला त्याला चावीवर चालणारी वायर शोधायचा कंटाळा आला असावा, कारण त्याने लाल आणि पिवळी एकत्र पिळून, वर काळी टेप गुंडाळून, दोन्ही कायम पुरवठ्यावर दिल्या आहेत. पॅनेल काळे दिसत असले तरी आत सेट रात्रंदिवस अर्धवट जागा आहे. लाल वायर सोडवल्याबरोबर फ्यूज जागेवर असतानाही आकडा ०.३० झाला, म्हणजे मेमरीसाठी जेमतेम ०.०१ अँपिअर राहिला आणि ०.११ अँपिअर वाचला.

उरलेले ०.२९ अँपिअर सगळे फ्यूज बाहेर असतानाही वाहत आहेत.

२० जानेवारी २०२४

स्टिरिओचे काम नीट करून टाकले. चावीवर चालणाऱ्या जुन्या वायरवर आणखी बोजा टाकण्याऐवजी चार पायांचा साधा रिले, म्हणजे थोड्या करंटवर चालणारा विजेचा स्विच, बसवला. पायांच्या क्रमांकांप्रमाणे चावीचा पुरवठा ८६ वर, अर्थ (गाडीच्या बॉडीची निगेटिव्ह जोडणी) ८५ वर, फ्यूजमधून आलेला कायम पुरवठा ३० वर आणि स्टिरिओची लाल वायर ८७ वर. पिळलेल्या तारा कापून टाकल्या आणि सांधे सोल्डर करून वर आकसणारी नळी चढवली. फ्यूजबॉक्सचे पितळी कान बारीक पॉलिश पेपरने घासून चकचकीत केले. त्याचा या दुखण्याशी संबंध नाही, पण हात तिथे पोहोचलाच होता.

बॅटरीचा माथाही पुसला. मीटरचे काळे टोक निगेटिव्ह खांबाला आणि लाल टोक बॅटरीच्या प्लॅस्टिकच्या पृष्ठभागावर ठेवले तर दोन व्होल्टच्या आसपास दाखवत होते, म्हणजे धूळ आणि ॲसिडची वाफ यांच्या थरातून काही तरी झिरपत होते. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून कोरडे केल्यावर तिथे काहीच येईना. हा करंट अगदी किरकोळ असतो, आपल्या ०.२९ चे उत्तर तिथे नाही.

या आठवड्यात मला जास्त छळले ते हिशेबाने. ०.४१ अँपिअर म्हणजे दिवसाला जवळपास १० अँपिअर-अवर, आणि ४४ अँपिअर-अवरची बॅटरी त्या वेगाने साडेचार दिवसांत ठणठणीत रिकामी व्हायला हवी. पण डिसेंबरात गाडी चार दिवस उभी राहिल्यावर मी सहज बॅटरी पाहिली होती, तेव्हा ती १२.१५ व्होल्ट दाखवत होती, आणि स्थिर बॅटरीत १२.१५ म्हणजे निम्म्याला थोडी कमी. चार दिवसांत २४ ते २५ अँपिअर-अवर गेले, तर सरासरी करंट ०.२५ च्या आसपास पडतो. मोजलेला करंट आणि प्रत्यक्ष गेलेला माल यांत इतकी तफावत असेल, तर एकच शक्यता राहते, ती म्हणजे हा करंट सारखा वाहत नाही. तो कधी वाढतो आणि कधी कमी होतो, हे कळले तर तो कुठून वाहतो तेही कळेल.

२१ जानेवारी २०२४

पहाटे गारठ्यातच खाली उतरलो. गाडी काल दुपारपासून उभी आहे. सगळे फ्यूज जागेवर ठेवून आकडा ०.१३ अँपिअर, सगळे फ्यूज काढून ०.१२. मागच्या रविवारी याच अवस्थेत ०.२९ होते.

स्टिरिओ दोन्ही वेळा फ्यूजसकट हिशेबाबाहेर होता, तेव्हा फरक एकच: मागच्या रविवारी गाडी फेरी मारून तासाभरापूर्वी आली होती आणि आज ती थंड आहे. म्हणून इंजिन सुरू करून हेडलाइट लावून वीस मिनिटे चालू ठेवले, बंद केले आणि फ्यूज काढून मीटरसमोर वही घेऊन बसलो. बंद केल्याबरोबर ०.४४ अँपिअर. दहा मिनिटांनी तो कमी व्हायच्या ऐवजी ०.४७ झाला. अर्ध्या तासाने ०.३६, तासाने ०.२९, दुपारी जेवून आल्यावर ०.१९ आणि रात्री ०.१४.

दहा मिनिटांत आकडा आधी वाढला, ही या सगळ्यातली सर्वांत बोलकी गोष्ट आहे. इंजिन बंद झाले की पंखाही थांबतो, वाहती हवा बंद होते आणि ब्लॉकमधली उष्णता बॉनेटखाली साचून आसपासचे भाग काही वेळ आणखी तापतात. मग सगळे हळूहळू निवते. गळणारा भाग त्या उष्णतेच्या मागोमाग चालला आहे, म्हणून तो डॅशबोर्डखाली नसून बॉनेटखाली आहे. दुसरे असे की साधी तांब्याची वायर घासून बॉडीला टेकली असती, तर तिची गळती तापल्याने चौपट झाली नसती. उष्णतेने चौपट होणारी गळती डायोडसारख्या सेमीकंडक्टर भागांची असते, आणि या गाडीत बॉनेटखाली सेमीकंडक्टर एकाच ठिकाणी आहेत: अल्टरनेटरच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून बॅटरी भरणाऱ्या यंत्राच्या, पोटात.

डिसेंबरचा हिशेबही आता जुळतो. फेरी मारून आल्यावर पहिले काही तास गळती मोठी, नंतर कव्हराखाली थंड पडलेल्या गाडीत ०.१२ ते ०.१५, आणि तिच्यावर स्टिरिओचे ०.११ कायम, सरासरी पाव अँपिअरच्या आसपास येते.

२६ जानेवारी २०२४

सुट्टीचा दिवस असल्याने वेळ होता. तर्क कितीही पटला तरी तो भाग सुटा करून करंट थांबतो का, हे पाहिल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही, असे ठरवले होते.

पद्मिनी ज्या घराण्यातली आहे त्या फियाट गाड्यांमध्ये इग्निशन, चार्जिंग आणि सेल्फ यांच्या सर्किटला मुळातच फ्यूज नाही. ही रचना १९६४ सालापासून आपल्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाट ११०० डी मधून चालत आलेली आहे, आणि म्हणूनच सगळे फ्यूज काढूनही आपली गळती चालू होती. फ्यूज काढून करंट थांबला नाही की पुष्कळ जण ‘वायरिंगच खराब आहे, सगळे बदला’ असा निकाल देतात. खरे तर तिथे शोध अरुंद होतो, कारण फ्यूजला वळसा घालून जाणाऱ्या वायर हाताच्या बोटांवर मोजता येतात.

आज मीटर बाजूला ठेवून त्याच्या जागी १२ व्होल्ट ५ वॉटचा बल्ब होल्डरसह लावला. हे जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनचे हत्यार आहे आणि ते माझ्या मते अजूनही मीटरहून सोयीचे आहे. चुकून कुठे शॉर्ट झाले तरी बल्बपेक्षा जास्त करंट जाऊ शकत नाही, आणि बॉनेटखाली दोन्ही हात गुंतलेले असताना डोळ्याच्या कोपऱ्यातून उजेड वाढला की कमी झाला ते कळते. इंजिन तापवून बंद केले, चिमटा सोडला, बल्ब पिवळसर लागला. सेल्फकडे जाणारी जाड केबल सोडली, तशीच बाजूला धरून पुन्हा जोडली. या गाडीत अल्टरनेटर आणि चावी दोघांचाही पुरवठा तिथूनच पुढे जातो, त्यामुळे बल्ब विझला यात नवल नव्हते. केबल खांबावर परत ठेवून चावीकडे जाणारी वायर सोडली, तर बल्ब तसाच राहिला. मग अल्टरनेटरच्या मागची जाड ‘बी’ वायर, म्हणजे बॅटरीकडे जाणारी, सोडली आणि बल्ब पूर्ण विझला. मीटर परत लावला तर फ्यूज काढलेले असताना शून्य आणि फ्यूज बसवल्यावर स्टिरिओच्या मेमरीचे ०.०१.

ही वायर सोडताना एक काळजी घ्यावी लागते. ती बॅटरीशी थेट जोडलेली असते, मध्ये फ्यूज नसतो, तेव्हा बॅटरीचे टर्मिनल काढूनच तिचे नट सैल करावे, मोकळ्या टोकाला टेप गुंडाळावी आणि मगच पुन्हा पुरवठा द्यावा. आणि ती सुटी असताना इंजिन सुरू करायचे नाही.

संध्याकाळी अंधार पडल्यावर आणखी एक गोष्ट पाहायची होती. वायर परत जोडली, इंजिन तापवून बंद केले, चावी काढून खिशात टाकली, कव्हर ओढून गाडीत आत बसलो आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबलो. चार्जिंगचा लाल दिवा लागलेला होता. लागलेला म्हणणेही जास्तच होईल; लाल काचेमागे फिलामेंटचा केसाएवढा तुकडा विझत आलेल्या उदबत्तीच्या टोकासारखा दिसत होता, आणि नजर त्याच्यावरून थोडी बाजूला नेली की अधिक स्पष्ट होत होता. दिवसा तो कोणालाही दिसला नसता.

त्याचे कारण अल्टरनेटरच्या रचनेत आहे. माझ्या अल्टरनेटरमध्ये नऊ डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, आहेत: तीन पॉझिटिव्ह बाजूचे मोठे, तीन निगेटिव्ह बाजूचे मोठे आणि तीन लहान, जे फिरत्या गुंडाळीला, म्हणजे फील्डला, करंट देतात. गाडी उभी असताना पॉझिटिव्ह बाजूचे तीन मोठे डायोड बॅटरीला आत येऊ देत नाहीत, हेच त्यांचे काम. त्यांतला एक जरी उलट्या दिशेने गळू लागला, तर बॅटरीचा करंट त्यातून स्थिर गुंडाळीत येतो, तिथून लहान डायोडमधून फील्डला पोहोचतो आणि कार्बन (फिरत्या गुंडाळीला टेकणारे ब्रश), फील्ड व रेग्युलेटर (व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा भाग) अशा वाटेने अर्थ होतो. चार्जिंगच्या दिव्याचे एक टोकही त्याच लहान डायोडपाशी जोडलेले असते. तिथे एक-दोन व्होल्ट जमा झाले की दिव्यातून थोडा करंट इग्निशनच्या दिशेने उलटा जातो आणि फिलामेंट तेवढ्यापुरते तांबूस होते.

फील्डमधून करंट जातो आहे, हे पडताळायला टाचणी दोऱ्याला बांधून अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ धरली. ‘बी’ वायर जोडलेली असताना ती स्पष्ट तिरकी होऊन बेअरिंगच्या टोपीला चिकटत होती. वायर सोडली की ओढ जवळजवळ गेली, लोखंडात मुरलेल्या चुंबकत्वाची किंचित शिल्लक राहिली तेवढीच. म्हणजे चावी खिशात असताना अल्टरनेटरचा चुंबक अर्धवट चालू होता.

एवढा दोष असूनही १३ तारखेला चार्जिंग व्यवस्थित का दिसले, याचेही उत्तर इथेच आहे. अर्धवट गळणारा एक डायोड चालत्या अल्टरनेटरच्या तीस-चाळीस अँपिअरमधले अर्धा अँपिअर परत खातो. व्होल्टमीटरला त्याची चाहूलही लागत नाही. चार्जिंग चांगले आहे म्हणून अल्टरनेटरला दोषमुक्त करणे योग्य नाही, ते फक्त उभ्या गाडीत मोजूनच करता येते.

३ फेब्रुवारी २०२४

अल्टरनेटर उतरवून नाना पेठेत नेला. तिथले ऑटो इलेक्ट्रिशियन काका पन्नाशीच्या पुढचे आहेत आणि पद्मिनीच्या टॅक्सी जोरात असल्यापासून याच कामात आहेत. त्यांनी आर्मेचर, कार्बन, बेअरिंग सगळे पाहिले, मग २१ वॉटच्या टेस्ट लॅम्पवर एकेक डायोड दोन्ही दिशांनी लावला आणि म्हणाले, “साहेब, डायोड सगळे पास आहेत. प्लेट बदलायची गरज नाही.”

त्यांच्या पद्धतीत चूक नव्हती. २१ वॉटच्या बल्बला चमकायला जितका करंट लागतो तितका हा डायोड थंड असताना गळत नाही. पूर्ण शॉर्ट झालेला डायोड त्या बल्बवर लगेच कळतो, आपला डायोड शॉर्ट नाही. मी म्हटले, “काका, लहान बल्ब लावू आणि प्लेट जरा गरम करून बघू.” त्यांनी मान हलवली, पण गुंडाळीची टोके सोल्डर सोडवून मोकळी करून दिली. ही टोके मोकळी केल्याशिवाय एकेका डायोडचे माप घेण्यात अर्थ नाही, कारण ती तिघांना एकत्र बांधून ठेवतात.

मल्टिमीटरच्या डायोडच्या खुणेवर तिन्ही पॉझिटिव्ह डायोड सरळ दिशेने अर्ध्या व्होल्टच्या आसपास दिसले. उलट्या दिशेने दोन पूर्ण बंद होते, तर तिसऱ्याचा आकडा अस्थिर होता, सतत हलत होता. पण मल्टिमीटर डायोडवर दोन-तीन व्होल्टच टाकतो आणि गाडीत त्याच्यावर दहाच्या आसपास व्होल्ट पडतात. म्हणून टेबलावरच्या बॅटरीचे १२ व्होल्ट, ५ वॉटचा बल्ब आणि मीटर असे एका ओळीत लावून पुन्हा मोजले. दोन डायोडवर शून्य. तिसऱ्यावर १५० मिलिअँपिअर. काकांनी हीटगन लांबून प्लेटवर धरली आणि आकडा २००, २५०, ३०० असा चढत गेला. तोवर बल्बही लाल होऊन पिवळा व्हायला लागला होता. बाकीच्या दोघांना तितकेच तापवले तरी ते शून्यावरच राहिले.

काका बराच वेळ त्या बल्बकडे पाहत राहिले आणि मग आतल्या फळीवरून नवीन डायोड प्लेट काढून आणली. एकच डायोड दाबून बदलता येतो, पण त्याच प्लेटवर तितकेच तापलेले त्याचे सोबती त्याच वयाचे आहेत, तेव्हा पूर्ण प्लेट बदलणे दोघांनाही पटले. कार्बन झिजले होते, तेही नवे घातले. बेअरिंगला हात लावला नाही. ते निमूट फिरते.

हा डायोड कशाने गेला असावा, यावर आमचे बोलणे झाले. मला संशय आहे तो गेल्या वर्षी एका गॅरेजमध्ये पाहिलेल्या प्रकाराचा. तिथल्या पोराने चार्जिंग होते की नाही हे पाहायला चालत्या इंजिनावर बॅटरीचे टर्मिनल उपसले आणि गाडी बंद पडली नाही म्हणून समाधानाने मान डोलावली. ही अल्टरनेटरच्या आधीच्या, डायनामोच्या काळातली सवय आहे. डायनामोला ती सोसत असे. अल्टरनेटरच्या बाबतीत बॅटरी अचानक तुटली की व्होल्टेज क्षणभर कितीतरी पट उसळते, आणि ती उसळी झेलायला समोर डायोडच उभे असतात. काकांच्या म्हणण्याप्रमाणे असे अर्धमेले डायोड उलट्या टोकांनी जम्प स्टार्ट दिलेल्या गाड्यांतही निघतात.

४ फेब्रुवारी २०२४

अल्टरनेटर बसवला. पट्ट्याचा ताण मधोमध अंगठ्याने दाबून पाहिला, ‘बी’ वायरचे टोक नव्या डोळ्याने (नटाखाली बसणाऱ्या कडीने) बदलले, कारण जुन्याच्या निम्म्या तारा तुटलेल्या होत्या. टर्मिनलवर रबरी टोपी नव्हती, ती मिळवून चढवली. फ्यूज नसलेल्या वायरचे उघडे टोक बॉनेटखाली ठेवणे बरे नाही.

इंजिन सुरू केल्यावर १४.२ व्होल्ट, हेडलाइटसह १३.९. वीस मिनिटे चालवून बंद केले आणि त्याच पद्धतीने मीटर लावला: बंद केल्याबरोबर ०.०१, दहा मिनिटांनी ०.०१, तासाने ०.०१. स्टिरिओचा फ्यूज काढल्यावर शून्य. रात्री कव्हराखाली बसून चार्जिंगचा दिवा पाहिला. पूर्ण काळा आहे.

शेजारच्या एका गृहस्थांनी मध्यंतरी सुचवले होते की एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा बॅटरीवर पिळून काढता येणारा कटऑफ स्विच लावावा. तो स्विच मी लावणारही आहे, कारण पावसाळ्यात गाडी महिनाभर हलत नाही. पण गळती चालू असताना तो लावला असता तर बॅटरी वाचली असती आणि डायोड आणखी बिघडत राहून पुढे पूर्ण शॉर्ट झाला असता. मग फ्यूज नसलेल्या वायरमधून जे वाहिले असते ते अर्धा अँपिअर नसते.

१८ फेब्रुवारी २०२४

४ तारखेला भरलेली बॅटरी १२.७० व्होल्टवर होती. तेव्हापासून गाडी मुद्दाम हलवली नाही आणि टर्मिनलही काढले नाही. आज मोजले तर १२.५९ व्होल्ट आहे. ०.०१ अँपिअरने दोन आठवड्यांत साडेतीन अँपिअर-अवरच्या आतच जातात आणि बॅटरीची स्वतःची थोडी उतरण धरली तर हा आकडा हिशेबाला धरून आहे. सेल्फ मारल्यावर व्होल्टेज १०.५ च्या खाली आले नाही.

फ्यूजला वळसा घालून जाणाऱ्या वायरचा नकाशा मी हाताने काढून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्यूजबॉक्सच्या झाकणामागे चिकटवला आहे. त्यावर स्टिरिओचा रिले, त्याचा फ्यूज आणि थंड व तापलेल्या इंजिनावरचे आजचे आकडे लिहिले आहेत. पुढचे काम पेट्रोलच्या काट्याचे आहे, जो टाकी अर्धी झाली की एकदम शून्यावर पडतो. टाकीवरच्या सेन्सरची अर्थची वायर आधी तपासेन.